पद्मपुरचा कवि भवभूति

सुट्टीहून परत येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या पेट्यांत हल्लीं एका विशिष्ट तऱ्हेचीं पुस्तकें फार आढळूं लागलीं आहेत. आईबापांवांचून वाढलेला, आपल्या कुळाचा पत्ता नसलेला एखादा अकरा-बारा वर्षांचा मुलगा असतो. एके दिवशीं त्याच्या हातून कांहीं तरी अघटित घडतें. आपल्या अंगीं मंत्रसामर्थ्य आहे हें त्यास प्रथमच कळतें. आणि मग आपण कोण, कोणाचे, या प्रश्नाच्या पाठीमागें तो निघतो. अशा विलायती कादंबऱ्यांचीं मराठी भाषांतरेंही आतां सहज मिळतात. आम्ही तीं पुस्तकें कोणाच्या हातून हिसकावून घेत नाहीं. खरें सांगावयाचें तर त्यांतील एकदोन आम्हींही रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं वाचून पाहिलीं आहेत. परंतु गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें कीं, अशी गोष्ट आपल्याकडे कोणासच कां सुचली नाहीं? त्याच्या बोलण्याचा रोख असा होता कीं, मोठे लेखक लंडनास व्हावयाचे, फार तर पुण्यामुंबईस. गोंदियासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांत भात पिकावें, विड्या वळल्या जाव्या, एवढेंच.

त्या वेळीं आम्हीं त्यास थोडक्यांत उत्तर दिलें. तें येथें सविस्तर देत आहों. कारण ही गोष्ट कोणास सुचली होती, ती सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं सुचली होती, आणि ज्यास ती सुचली तो आपल्याच जिल्ह्यांतील होता.

गोंदियाहून रायपुराच्या दिशेनें आगगाडीनें निघालें म्हणजे आमगांव स्टेशन लागतें. त्याच्या जवळच पदमपूर नांवाचें खेडें आहे. पावसाळ्यांत धानाच्या बांध्या पाण्यानें भरलेल्या असतात व गांवाच्या परिसरांत जुन्या कोरीव मूर्तींचे अवशेष दिसतात. एरव्हीं उतारूनें तेथें मुद्दाम उतरावें असें वरवर पाहतां कांहीं नाहीं. परंतु भवभूतीनें आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेंत आपल्या पूर्वजांचें गांव म्हणून दक्षिणापथांतील ज्या पद्मपुराचें नांव दिलें आहे तें हेंच, असें नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. मालतीमाधवाच्या कांहीं हस्तलिखितांत पद्मपुर विदर्भांत असल्याचें म्हटलें आहे. शिवाय पूर्वेकडील दुर्ग जिल्ह्यांत एका वाकाटक राजाचा अपुरा राहिलेला ताम्रपट सांपडला, तो पद्मपुराहूनच दिलेला आहे. म्हणजे आज जेथें धान पिकतें तेथें एके काळीं राजाचें ठाणें होतें. पदमपूर त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भवभूति आमच्या वांट्यास आला. कांहीं पंडितांनीं पद्मपुर अन्यत्र शोधिलें आहे हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. परंतु मिराशींचा पुरावा आम्हांस पटतो, आणि तो केवळ आमच्या सोयीचा आहे म्हणून पटतो असें नव्हे.

त्याचें घराणें उदुंबर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मणांचें होतें. गोत्र काश्यप, शाखा तैत्तिरीय. घरांत पंचाग्नि पाळले जात, सोमयाग होत. पूर्वजांपैकीं एकानें वाजपेय यज्ञ केला होता. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. मुलाचें नांव श्रीकंठ असें होतें. भवभूति हें नांव त्यास त्याच्याच एका श्लोकांतील शब्दांवरून रसिकांनीं दिलें, असें जुने टीकाकार सांगतात. ज्ञाननिधि नांवाच्या गुरूपाशीं त्याचें अध्ययन झालें. व्याकरण, मीमांसा आणि न्याय हीं तिन्ही शास्त्रें त्यास करतलामलकवत् होतीं, आणि वेद, उपनिषदें, सांख्य, योग यांचीही त्यास चांगली माहिती होती.

अशा घरच्या मुलानें काय व्हावें हें ठरलेलेंच असे. त्यानें यज्ञशाळेंत बसावें, शिष्य शिकवावे, एखाद्या सूत्रावर भाष्य लिहावें. परंतु हा श्रीकंठ नटांच्या संगतींत रमला. आपली व नटांची मैत्री स्वभावतःच जडलेली आहे, असें त्यानें सूत्रधाराच्या तोंडून सांगून ठेविलें आहे. त्या काळीं नटांस समाजांत काय मान होता हें ज्यांस माहीत आहे, त्यांस या एका विधानाचें मोल कळेल. घरच्या मंडळींस तें कितपत रुचलें असेल याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं नाटकांत काम करण्यासाठीं घरीं परवानगी मागितली आहे त्यांनींच करावी.

तो उत्तरेस गेला. त्याचीं तिन्ही नाटकें कालप्रियनाथाच्या यात्रेंत झालीं. हें स्थान म्हणजे यमुनेच्या कांठचें काल्पी असें मिराशींचें मत आहे. दुसरे कित्येक तें उज्जयिनीचें महाकालाचें देवालय समजतात. तें कोठेंही असो, एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याच्या प्रस्तावनांत कोणत्याही राजाची स्तुति नाहीं. राजसभेपुढें नव्हे, तर यात्रेस जमलेल्या लोकांपुढें हीं नाटकें उभीं राहिलीं.

पहिलें बहुधा महावीरचरित. त्यांत रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा सात अंकांत आहे. त्यांत विश्वामित्र कोवळ्या रामास जृंभकास्त्रें देतो. ही अस्त्रें शत्रूचा वध करीत नाहींत, त्यास जागच्या जागीं मोहित व निश्चल करितात. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे. याच नाटकांत रावणाच्या प्रधानाच्या कपटानें शूर्पणखा मंथरेच्या शरीरांत शिरते, आणि रामाचा वनवास त्या मायेंतून उत्पन्न होतो. कैकेयीचा दोष कवीनें अशा रीतीनें पुसून टाकिला आहे. नाटक आम्हांस थोडें जड वाटतें. बोलणीं लांब आहेत, समास त्याहून लांब आहेत. आणि पांचव्या अंकाच्या पुढचा भाग तर सर्व प्रतींत एकसारखा मिळत नाहीं.

त्या नाटकाचें चीज झालें नसावें. कारण यानंतरच्या मालतीमाधवाच्या आरंभीं एक खोल जखम दिसून येते. आपली अवहेलना करणाऱ्यांस तो शांतपणें, पण तीव्रपणें सांगतो कीं, हा खटाटोप तुमच्याकरितां नव्हेच. काळास अंत नाहीं, पृथ्वी मोठी आहे. कोठें तरी, केव्हां तरी आपल्या जातीचा कोणी जन्मास येईल, त्याच्याकरितां हें लिहिलें आहे. या उद्गारांत गर्व आहे असें पुष्कळांनीं म्हटलें आहे. आम्हांस त्यांत एकटेपणा अधिक दिसतो. ज्याच्या वर्गांत त्याचें बोलणें कोणासच समजत नाहीं, अशा मुलाचा तो स्वर आहे.

मालतीमाधव हें दहा अंकांचें नाटक त्यानें पुराणांतून घेतलें नाहीं. कथानकाची बांधणी त्याची स्वतःची आहे. विदर्भाच्या राजाच्या अमात्याचा मुलगा माधव कुंडिनपुराहून न्यायशास्त्र शिकण्यास पद्मावती नगरींत येतो. तेथील अमात्याची कन्या मालती हिच्यावर त्याचें मन जडतें. दोघांच्या वडिलांनीं विद्यार्थिदशेंत शपथ घेतली होती कीं, आपण एकमेकांचे व्याही होऊं. परंतु राजास मालती आपल्या मर्जींतील नंदनास द्यावयाची आहे. कामंदकी नांवाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी मोठ्या युक्तीनें तरुणांचा पक्ष चालविते. येथपर्यंत ही साधी प्रेमकथा वाटेल. पांचव्या अंकांत मात्र पडदा वर जातो तों कपालकुंडला आकाशमार्गानें उडत येते. ती अघोरघंट नांवाच्या कापालिकाची शिष्या. योगबळानें तिला गगनसंचार साधला आहे. निराश झालेला माधव स्मशानांत भुताखेतांस मांस विकून त्यांच्याकडून सिद्धि मिळवावी या अघोर हेतूनें हिंडत असतो. इतक्यांत करालेच्या देवळांतून आर्त किंकाळी ऐकूं येते. मालतीस चामुंडेपुढें बळी देण्यासाठीं आणलेलें असतें. माधव धांवतो आणि अघोरघंटास ठार करितो. ज्या तरुणास मंत्रानें काम साधावयाचें होतें त्याचें काम अखेर त्याच्या दोन पायांनीं व एका तलवारीनेंच साधलें, हें कवीनें न सांगतां दाखविलें आहे.

पुढें सूड घेण्यासाठीं कपालकुंडला मालतीस उचलून श्रीपर्वतावर नेते, आणि माधव विंध्याच्या रानांत मेघांस व पशूंस तिचा ठाव विचारीत वेड्यासारखा भटकतो. त्या वेळीं सौदामिनी येते. ही कामंदकीची जुनी शिष्या. तिनेंही त्याच श्रीपर्वतावर तशीच मंत्रसिद्धि मिळविली आहे; तीही आकाशांतून जाऊं शकते. पर्वत एक, विद्याही जवळपास एकच. एकीनें तिच्या बळावर मालतीस मारावयास नेलें, दुसरीनें त्याच बळावर तिला वांचविलें. भवभूतीच्या या दोन स्त्रिया आम्हांस मालतीहूनही अधिक लक्षांत राहतात. बंगालचे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनीं १८६६ सालीं आपल्या कादंबरीस व तिच्या नायिकेस कपालकुंडला हें नांव दिलें, तें याच नाटकांतून.

आतां उत्तररामचरिताकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर तेथें आहे.

लोकापवादास भिऊन रामानें गर्भवती सीतेचा त्याग केला, येथून पुढची ही कथा. पहिल्या अंकांत राम सीतेस आपल्या चरित्राचीं चित्रें दाखवीत असतो. जृंभकास्त्रांचें चित्र येतांच तो तीं सीतेस वंदन करावयास सांगतो व म्हणतो कीं, हीं पुढें तुझ्या संततीकडे येतील. प्रेक्षक हें ऐकतात आणि विसरतात. सीतेस दोन मुलगे होतात. आईचें दूध सुटण्याच्या वयांत भागीरथी त्यांस वाल्मीकीच्या स्वाधीन करिते. कुश आणि लव असे आश्रमांत वाढतात. आई कोठें आहे, बाप कोण, हें त्यांस ठाऊक नाहीं.

दुसऱ्या अंकांत आत्रेयी नांवाची एक विद्यार्थिनी दंडकारण्यांतून एकटी चाललेली भेटते. वाल्मीकीचा आश्रम सोडून ती अगस्त्याकडे वेदान्त शिकावयास निघाली आहे. कां सोडला म्हणून विचारतां ती सांगते कीं, त्या दोन मुलांची बुद्धि अशी अलौकिक आहे कीं त्यांच्याबरोबर आमच्यासारख्यांचा निभाव लागत नाहीं. शिवाय गुरुजी आतां रामायण रचण्यांत गुंतले आहेत. गुरु हुशार व मंद दोघांसही सारखेंच शिकवितो, ग्रहण करण्याची शक्ति मात्र तो देऊं किंवा काढून घेऊं शकत नाहीं, असेंही तिचें म्हणणें. शिक्षकाच्या खुर्चीवर बसून हा प्रवेश वाचतांना आम्ही प्रत्येक वेळीं थोडे ओशाळतों. त्या मुलांविषयीं आत्रेयीच आणखी एक गोष्ट सांगते: कोणीं न शिकवितां जृंभकास्त्रें त्यांस जन्मापासून आपोआप स्फुरलीं आहेत.

याच अंकांत शंबूकाचा वध आहे. शूद्रानें तप केलें एवढ्यासाठीं त्याचें मस्तक उडवावें, ही कथा आज कोणाही विचारी मनुष्यास बोचल्यावांचून राहणार नाहीं. भवभूतीसही ती बोचली असावी. त्याच्या रामाचा हात उचलत नाहीं; त्या हातास निष्ठुर म्हणून हिणवावें लागतें तेव्हां कोठें शस्त्र चालतें, आणि मेलेला शंबूक दिव्य रूप धारण करून रामास अरण्य दाखवितो. परंतु वध टळत नाहीं. कवीनें दुसऱ्या कित्येक ठिकाणीं मूळ कथा बदलण्याचें धैर्य दाखविलें. येथें तें त्याच्यानें झालें नाहीं, ही त्याच्या नाटकाची उणीव आम्ही मानतों.

तिसऱ्या अंकांत गंगेच्या प्रभावानें सीता अदृश्य होऊन पंचवटींत वावरते. तो कुशलवांच्या बाराव्या वर्षगांठीचा दिवस असतो. मूर्च्छित रामास ती स्पर्शानें सावध करिते, पण त्यास ती दिसत नाहीं. अदृश्य होण्याची विद्या गोष्टींतून पुष्कळांस मिळते व ते तिचा उपयोग बहुधा खोड्या काढण्यास करितात. भवभूतीनें ती एका टाकलेल्या पत्नीस दिली आणि नवरा आपल्यासाठीं किती रडतो हें तिला ऐकविलें. करुण रसांत या कवीचा हात धरणारा दुसरा नाहीं असें जें म्हणतात तें मुख्यतः या अंकावरून.

चौथ्या अंकांत आश्रमास पाहुणे आल्यामुळें मुलांस सुट्टी मिळालेली असते. (सुट्टीचा आनंद तेराशें वर्षांत तिळभरही बदललेला नाहीं.) इतक्यांत कांहीं बटु धांवत येतात व लवास सांगतात कीं, एक नवलाचें जनावर आलें आहे, त्यास मोठें शेपूट आहे, मान लांब आहे, चार खूर आहेत, तें गवत खातें, आणि आंब्याएवढालीं लेंडकें टाकतें. त्यांनीं घोडा हा शब्द पुस्तकांत वाचलेला, घोडा कधीं पाहिलेला नाहीं. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाहीं; तो कधीं हंसवीत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हा प्रवेश पाहावा. तो घोडा रामाच्या अश्वमेधाचा असतो. रक्षकांची बढाई लवास सहन होत नाहीं. तो घोडा अडवितो, आणि सैन्य अंगावर येतें तेव्हां बारा वर्षांचा तो मुलगा जृंभकास्त्र योजितो. क्षणांत सारें सैन्य चित्रांतल्यासारखें स्तब्ध होतें.

सेनेचा नायक लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतु. तोही लवाच्याच वयाचा. वृद्ध सारथी सुमंत्र चकित होतो. कारण हें अस्त्र कृशाश्वापासून विश्वामित्रास व विश्वामित्रापासून रामास मिळालेलें, तें या रानांतल्या मुलास कोणीं दिलें? दोघे कुमार लढतात, पण एकमेकांस पाहून त्यांच्या मनांत अकारण प्रेम दाटतें. राम पुष्पक विमानांतून येतो व युद्ध थांबवितो. लव अस्त्र आवरून घेतो. तुला हें कोठून मिळालें, या प्रश्नास त्याचें उत्तर एवढेंच कीं, आम्हां दोघां भावांस तें आपोआप प्रकट झालें. राम त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. तेथें त्यास सीता दिसते. पहिल्या अंकांत विसरलेलें तें वाक्य प्रेक्षकांस येथें आठवतें. मुलास अद्याप कांहीं कळलेलें नाहीं, बापास शंका आली आहे पण विचारण्याचें धैर्य नाहीं. ज्या सामर्थ्यानें सैन्य गोठविलें तें या दोघांमधील बारा वर्षें भरून काढूं शकत नाहीं. शेवटीं सातव्या अंकांत वाल्मीकीनें रचलेलें नाटक गंगातीरीं होतें, नाटकांतच नाटक, आणि त्यांतून सीता खरोखर परत येते. वाल्मीकिरामायणांत ती भूमींत जाते. भवभूतीनें तिला परत आणिलें.

या कवीविषयीं एक दंतकथा आहे. त्यानें उत्तररामचरित कालिदासास ऐकविलें. कालिदास म्हणाला, सर्व उत्तम आहे, फक्त एका ठिकाणीं अनुस्वार अधिक झाला. तो काढतांच श्लोकाचा अर्थ शतपट खुलला. कथा गोड आहे, पण दोघांमध्यें सुमारें तीनशें वर्षांचें अंतर असल्यामुळें ती खरी असणें शक्य नाहीं. लोकांस मात्र असें वाटलें कीं, या एकट्या माणसास त्याच्या तोडीचा एक तरी श्रोता भेटावयास हवा होता. म्हणून त्यांनीं तो तीन शतकें ओलांडून आणून बसविला.

खरा मान त्यास मिळाला तो कनोजास. बाराव्या शतकांतील काश्मीरचा इतिहासकार कल्हण राजतरंगिणींत सांगतो कीं, यशोवर्मा राजाच्या पदरीं वाक्पतिराज व भवभूति हे कवि होते. हा यशोवर्मा आठव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. पुढें काश्मीरच्या ललितादित्यानें त्याचा पराभव केला. वाक्पतिराजानें आपल्या गउडवहो या प्राकृत काव्यांत भवभूतीचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. समकालीन कवीनें असें करणें तेव्हांही दुर्मिळ होतें.

जो समानधर्मा त्यास हवा होता ते नंतर एकामागून एक येत गेले. होरेस हेमन विल्सन यांनीं मालतीमाधव व उत्तररामचरित इंग्रजींत नेलें; मराठींत परशुरामतात्या गोडबोले यांनीं उत्तररामचरित व कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं मालतीमाधव आणिलें; १८७६ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं मालतीमाधवाची टीकेसह शुद्ध आवृत्ति सिद्ध केली. आमगांवच्या महाविद्यालयास आज भवभूतीचें नांव आहे. प्रश्न विचारणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थ्यानें उत्तररामचरिताचें मराठी भाषांतर वाचावयास नेलें आहे. परत करण्याची मुदत उलटून पंधरवडा झाला. आम्हीं अद्याप त्याच्याकडे तें मागितलेलें नाहीं.